चौथी हाक

१

झुलाल आबा पाटचारीत पडलेले सापडले ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सकाळी. आणि पिंपळबारी गावाने त्या दिवशी पहिलं काम काय केलं असेल, तर एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. कारण आदल्या संध्याकाळी आबांनी मळ्यावरून फोन करून हाक मारली होती, "वाघ आलाय, धावा रे," आणि अख्ख्या गावातून एक माणूस उठून गेला नव्हता.

मी तेव्हा चाळीसगावात अक्कांच्या स्वयंपाकघरात सांजोऱ्या तळत होते. अक्का म्हणजे पुष्पाबाई. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या, आता घरीच इंग्रजी बोलायचा क्लास चालवतात आणि मी, मेघा, त्यांच्या हाताखाली नवशिक्यांना शिकवते. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. पाल दिसली तरी माझे पाय खुर्चीवर जातात. अक्कांना मात्र कसलीच भीती वाटत नाही, आणि कुणाकडे काही विपरीत घडलं की लोक पोलिसांआधी त्यांना फोन करतात.

हा फोन सारिकाचा होता. ती आबांची सून आणि अक्कांची जुनी विद्यार्थिनी. अक्कांचे हात पिठाचे होते म्हणून मीच फोन स्पीकरवर टाकला.

"अक्का, आबांना वाघाने धरलं म्हणतात. जीव आहे अजून. धुळ्याला दवाखान्यात नेलंय."

"म्हणतात म्हणजे? तुला काय वाटतं?"

 ती एकदम हळू आवाजात बोलायला लागली. "पाठीवर ओरखडे आहेत, शर्ट फाटलाय. पण डोक्याला मागून जबर मार आहे, काठीचा असावा असा. अक्का, वाघ कधी काठी मारतो का हो?"

कढईतली सांजोरी काळी पडली तरी माझा झारा काही हलला नाही. 

२

"मी नाही येणार," मी म्हटलं, आणि तासाभरात अक्कांच्या मागे त्यांच्या स्कूटीवर बसले होते. माझं हे असंच असतं.

पिंपळबारीचा मळा गावापासून लांब, डांबरी रस्त्याला लागून आहे. एक दोन खोल्यांचं घर, पुढे ओटा, अंगणात आंब्याचं झाड, आणि पाटचारीच्या पलीकडे शेजारच्या योगेंद्रभाऊंची केळीची बाग. केळी इतकी दाट, की भर दुपारी आत अंधार. मी बागेकडे पाठ करून बसले, मग वाटलं पाठ करणं जास्त धोक्याचं, म्हणून परत तोंड करून बसले.

सारिका रडून रडून सुजली होती. तिचा नवरा, म्हणजे आबांचा एकुलता एक मुलगा, गेल्या दिवाळीत याच रस्त्यावर मळ्यासमोर गेला. कोणीतरी गाडीने उडवलं आणि थांबलंही नाही. गाडी सापडली नाही ती नाहीच. तेव्हापासून आबा गावातल्या घरी झोपायलाच येईनात. मळ्यावरच राहायचे, सोबतीला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, लोटन.

"आणि हे वाघाचं कधीपासून?" अक्कांनी विचारलं.

"गुढीपाडव्यानंतर अक्का. त्याआधी आबांच्या तोंडी वाघाचं नावसुद्धा नव्हतं. पाडवा झाला आणि एका संध्याकाळी फोन आला, बागेत वाघ गुरगुरतोय. सगळं गाव काठ्या घेऊन धावलं. काहीच नाही. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. वनखात्याने पिंजरा लावला, त्यात बकरी बांधली. बकरी खाऊन खाऊन जाड झाली, पण वाघाचं पाऊलसुद्धा दिसलं नाही. मग लोक हसायला लागले. आबा पारावरून गेले की पोरं मागून 'वाघ, वाघ' ओरडायची. आबांनी पारावर जाणंच सोडलं."

तेवढ्यात कुंदन आला. हा आबांचा पुतण्या, शेती तोच बघतो. रस्त्याकडचा तुकडा विकायचा म्हणून त्याचं आणि आबांचं महिनाभर वाजत होतं, हे सारिकाने आम्हाला आधीच कानात सांगितलं होतं. माझं तर तिथेच ठरून गेलं. पण तो आल्या आल्या ओट्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"अक्का, काल आबांचा फोन मलाच आला होता. मी म्हटलं, आबा, आता पुरे करा, आणि फोन कापला." त्याने नाक पुसलं. "तरी आम्ही चार जण पारावरून उठलो होतो हो. पण योगेंद्रभाऊ मोटारसायकलवर मळ्याकडूनच आले. म्हणाले, 'बसा रे, मी बागेतच होतो, हाक ऐकून जाऊन आलो. वाघ नाही अन् बीघ नाही. आबा बाजेवर बसून आंबा चोखताहेत, मलाही एक दिला.' मग आम्ही हसलो आणि बसलो."

"आणि लोटन?"

"तो दुपारीच गेला. आबांशी त्याची सकाळी बाचाबाची झाली होती, कशावरून देव जाणे. तेव्हापासून त्याचा फोन बंद आहे."

एवढ्यात केळीच्या बागेतून एकदम कुत्री भुंकायला लागली, आणि त्यांच्या मागोमाग दहा-बारा माणसं "हाड, हाड, हुर्र" करून ओरडली. मी ओट्यावरून उडी मारली ती थेट सारिकाच्या मांडीवर. बागेच्या कडेने भागाबाई चालत येत होत्या. त्यांचं शेत पलीकडे आहे. त्यांनी माझ्याकडे बघून कपाळावर हात मारला.

"व माय, भोंगा शे तो. रानडुकरंसाठे लायेल शे," त्या म्हणाल्या. खांबाला भोंगा बांधून त्यात कुत्र्यांचे आणि माणसांचे आवाज लावतात, म्हणजे डुकरं बागेत शिरत नाहीत. आमच्याकडे आता घराघरात हे आहे. मला ठाऊक होतं, पण घाबरल्यावर ठाऊक असलेलं कोणाला आठवतं?

"हा दिवसभर वाजतो?" अक्कांनी विचारलं.

"दिनरात. फक्त वाघ उना त्या चारी डाव बंद व्हता. म्हनीसन तं वाघना आवाज इतला साफ उना, मन्हा घरलगून."

"भोंगा बंद असताना, पार घरापर्यंत? तुम्हीही ऐकलात आवाज?"

"तं! पन कोन मानी? गाव म्हने, म्हातारी बी आबासारखीच भ्यायनी."

अक्का उठल्या. भोंग्याच्या खांबाकडे जाऊन येते, तू इथेच बस, म्हणाल्या. बाकीचे घरात गेले होते. ऊन उतरलं होतं, पाटचारीतलं पाणी काळं दिसायला लागलं होतं. भोंगा एकदम गप्प झाला. आणि मग ते ऐकू आलं. करवतीने ओला ओंडका कापावा तसा आवाज, खालून वर, परत खालून वर, आणि शेवटी एक गुरकावणी. केळीच्या आतून. माझ्यापासून वीस पावलांवर.

३

मी किंचाळले असं सगळे सांगतात. मला फक्त एवढं आठवतं, की दातखिळी बसली होती आणि डोळे उघडले तेव्हा अक्का समोर उभ्या होत्या.

"मेघे, कसा वाटला वाघ?"

त्यांनी मोबाईल दाखवला. भोंग्याला ब्लूटूथ होतं. आमच्याकडे वाघ म्हणजे बिबट्याच, म्हणून अक्कांनी इंटरनेटवरून बिबट्याचा आवाज शोधला, भोंग्याला जोडला आणि मलाच प्रयोगाचा उंदीर केलं. मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलायचंच नाही असं ठरवलं, पण रस्ता अंधाराचा असल्यामुळे ते जमलं नाही.

निघताना रस्त्यावर एक पिकअप गाडी थांबली. नुकताच रंग दिलेली, चकचकीत निळी. योगेंद्रभाऊ उतरले. केळीचे बागायतदार, बाहेरदेशी माल पाठवायचा म्हणून आमच्या क्लासला येतात, राहायला चाळीसगावातच. भला माणूस. तिन्ही वेळा आबांच्या हाकेला सगळ्यांत आधी धावले ते हेच, बॅटरी आणि काठी घेऊन.

"मॅडम, फार वाईट झालं," ते म्हणाले. "तुम्ही शिकवलेलं ते क्राय वुल्फ. आबांच्या बाबतीत अगदी खरं ठरलं बघा. मी निघालो आणि मागून खराच आला असणार."

अक्कांनी मान हलवून स्कूटी सुरू केली.

मला तो तास आठवला. होळीच्या आधीचा. फळ्यावर अक्कांनी लिहिलं होतं, टु क्राय वुल्फ. लांडगा नसताना लांडगा आला म्हणून ओरडायचं, मग खरा येतो तेव्हा कोणी धावत नाही. प्रत्येकाने वाक्यात उपयोग करा म्हटल्यावर कोणी वीज मंडळावर वाक्य केलं, कोणी सासूवर. योगेंद्रभाऊ उभे राहून म्हणाले, 'झुलाल आबा ऑल्वेज क्राइज वुल्फ.' वर्ग खदखदून हसला. अक्का मात्र ओरडल्या होत्या, "उपयोग चुकला. क्राय वुल्फ म्हणजे जाणूनबुजून खोटी हाक देणं. जो खरंच घाबरून ओरडतो, त्याला हे लावायचं नाही."

फौजदार साहेब वेशीवर भेटले. कोकणातले, नुकतेच बदलून आलेले, पुढारी दिसत नाही तोवर प्रेमाने बोलणारे. वाघाची गोष्ट त्यांनीही मानली नव्हती. वनरक्षकाने त्यांना सांगितलं होतं, बिबट्या मानेला धरतो, पाठीवर सरळ रेघा मारत बसत नाही.

"लोटननेच केलंय," ते म्हणाले. "भांडण झालं, संध्याकाळी डोक्यात घातलं, दाताळ्याने पाठ ओरबाडली आणि फरार. साक्रीकडे माणसं पाठवलीत."

"साहेब, तो फरार नाही," अक्का म्हणाल्या. "आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला सुटतं. आखाजीच्या आदल्या दिवशी खानदेशातला प्रत्येक सालदार घरी जातो आणि त्या दिवशी त्याला अडवलं तर तो भांडतोही. साक्रीला घरी बसून सांजोऱ्या खात असेल. रेंज नसेल तिथे."

साहेब हसले. त्यांना पटलेलं नव्हतं, पण वाद घालायचा कंटाळा दिसला.

घरी येऊन अक्का चहा न पिताच बसून राहिल्या. मी विचारलं, काय झालं?

"मेघे, सगळं गाव म्हणतं आबांनी क्राय वुल्फ केलं. मी विचार करतेय, आबांनी तर आवाज ऐकला होता. भागाबाईंनीही ऐकला. म्हणजे आबांनी एकदाही खोटी हाक दिली नाही. खोटी हाक दिली ती ज्याने भोंगा वाजवला त्याने. त्याला तीन वेळा आबांचं हसं करायचं होतं, म्हणजे चौथ्या वेळी कोणी येऊ नये." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि आबा जिवंत आहेत हे त्यालाही कळलं असणार. परवा त्यांना दवाखान्यातून घरी सोडताहेत."

त्यानंतर मलाही चहा गेला नाही.

४

सोडायच्या दिवशी आम्ही धुळ्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा आबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. डोक्याला पट्टी. मी इतका घाबरलेला म्हातारा माणूस कधी पाहिला नाही. दार वाजलं की अंग चोरायचे.

"आबा, मी पुष्पा."

ते वळले. डोळे भरून आले. "माले घर नही जानं. मी खोटं नही बोलनू व माय. तो आवाज उना व्हता."

"मला माहीत आहे. मी ऐकलाय तो."

आबा अक्कांकडे बघतच राहिले. मग म्हातारा असा हमसून रडला, की सारिकाने पदर तोंडात धरला. इतक्या दिवसांत "मला माहीत आहे" असं त्याला म्हणालेली ती पहिली व्यक्ती होती.

मारणारा आबांना दिसला नव्हता. बॅटरी घेऊन ते बागेकडे बघत उभे होते, वार मागून आला. अक्कांनी मग हळूच दुसराच विषय काढला, मुलाच्या अपघाताचा.

आबा उठून बसले. त्या दिवाळीत तिन्हीसांजेला ते ओट्यावर होते. धक्क्याचा आवाज आला म्हणून धावले तेव्हा गाडी पुढे निघून चालली होती. पिकअप होती. मागच्या फाळक्यावर मोर काढलेला होता, पिसारा फुलवलेला. जुन्या फौजदाराने लिहूनच घेतलं नाही, म्हणाला म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर कसा भरवसा ठेवायचा. म्हणून आबांनी मनाशी ठरवलं, आखाजीला गेलेल्या पोराच्या नावाने पहिली घागर भरायची आणि नव्या साहेबांकडे जाऊन मोराचं सांगायचं.

"हे कोणाला बोललात?"

"कोनालेच नही." आबा थांबले. "एक योगेंद्रले, होळीना आधी. तोच म्हने, आबा, मी तुमले गाडीमा लयी जासू."

 निळा रंग माझ्या डोळ्यांसमोर आला, कोरा, चकचकीत. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अक्कांनी माझा हात दाबला आणि सारिकाकडे वळल्या.

"घागर भरायची राहिलीच ना गं?"

"राहिली अक्का. सगळी तयारी करून ठेवली होती. अंगणातल्या झाडाचे पहिले आंबे आबांनी पेंढ्यात घातले होते, घागरीवर ठेवायला. आधी माझ्या पोराला, मग आपल्याला, म्हणायचे. मी एकदा नुसता वास घेतला तर मला रागावले."

अक्का जागच्या जागी थांबल्या. मग मला ओढतच जिन्याने खाली नेलं आणि फौजदारांना फोन लावला. ते आबांचा जबाब घ्यायला धुळ्याच्या वाटेवरच होते. अक्का बोलल्या, ते ऐकत राहिले. "दहा मिनिटांत पोचतो," म्हणाले. "म्हाताऱ्याला सोडू नका."

आम्ही वर आलो. खाट रिकामी होती. सारिका खालच्या दुकानात औषधं आणायला गेली होती, आणि सिस्टर चादर बदलत होती.

"पेशंट? आत्ताच नेलं की. घरचेच आले होते, पिकअपवाले भाऊ. चाकाच्या खुर्चीवरून गेले मागच्या दाराने."

५

मी पळाले. का आणि कशी ते विचारू नका, अक्कांचे गुडघे पळू देत नाहीत म्हणून मीच पळाले. मागच्या अंगणात निळी पिकअप फाटकाकडे वळत होती. पुढच्या सीटवर आबा, मान खाली. फाटकावर रखवालदार दोरी सोडत होता. एकदा ती गाडी रस्त्याला लागली असती, तर धुळे ते पिंपळबारी वाटेत कितीतरी नाले आहेत.

काय ओरडायचं? हा खुनी आहे म्हटलं तर लोक पुरावा मागतील, तोवर गाडी गेलेली. योगेंद्रभाऊ हसून म्हणतील, आमच्या क्लासच्या बाई आहेत, जरा घाबरट.  आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते असं,

"साप! गाडीखाली साप! चाकात शिरला, चाकात!"

काय सांगू, अंगण भरून लोक धावले. रिक्षावाले, डबे घेऊन आलेल्या बाया, एक सलाईनची बाटली हातात धरलेला पेशंट. रखवालदाराने दोरी परत बांधली आणि काठी घेऊन चाकापाशी वाकला. कोणीतरी आबांना साप चावू नये म्हणून दार उघडून उचलूनच बाहेर काढलं. योगेंद्रभाऊ खाली उतरले आणि वाकून चाकात बघायला लागले. त्यांनाही खरं वाटलं.

साप सापडण्याच्या आत फौजदारांची गाडी आली.

"काय चाललंय?" योगेंद्रभाऊ कपडे झटकत म्हणाले. "आबांना घरी नेतोय. शेजारधर्म आहे."

अक्का कठडा धरत खाली आल्या होत्या. आवाज वर्गातला. "योगेंद्र, त्या संध्याकाळी तुम्ही आबांकडे जाऊन आलात ना? काय करत होते ते?"

"सांगितलं की. आंबा खात होते. मलाही दिला. गोड होता."

"अंगणातल्या झाडाचा?"

"हो, झाडाचाच."

"तुमचे वडील कसे आहेत?"

योगेंद्रभाऊंना कळेना. "ठणठणीत आहेत. का?"

"म्हणूनच. तुम्हाला घागर भरायची वेळ कधी आलीच नाही." अक्का फौजदारांकडे वळल्या. "साहेब, तुम्हाला नवीन असेल. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात, तिच्यावर आंबा ठेवतात. ज्याच्या घरी घागर भरायची असते तो त्याआधी आंबा तोंडाला लावत नाही. शहरात आता कोण पाळतं? फ्रीजमध्ये होळीपासून आंबे असतात. पण या माणसाचा तरणा मुलगा गेलाय, त्याची ही पहिली घागर होती. त्याने सुनेला वाससुद्धा घेऊ दिला नाही. तो आदल्या संध्याकाळी आंबा चोखत बसेल? आणि दुसऱ्याला देईल?"

आबा चाकाच्या खुर्चीत होते. त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदाच योगेंद्रकडे नीट पाहिलं.

"माणसं धावू नयेत म्हणून यांना काहीतरी घरगुती सांगायचं होतं," अक्का म्हणाल्या. "बाजेवर बसलेला म्हातारा, हातात आंबा. सगळे निश्चिंत झाले. आणि तेव्हा हे खरं तर आबांना पाटचारीत टाकून आले होते. भोंगा यांचाच, बाग यांचीच. तिन्ही वेळा सगळ्यांत आधी धावलेही हेच, कारण भोंग्यात परत कुत्र्यांचा आवाज लावायचा होता."

"सगळं तर्काने चाललंय," योगेंद्रभाऊ म्हणाले. "मी कशाला आबांच्या वाईटावर असेन?"

"मग सांगा, होळीच्या आधी माझ्या वर्गात तुम्ही म्हणालात, झुलाल आबा ऑल्वेज क्राइज वुल्फ. तेव्हा आबांनी एकदाही हाक मारलेली नव्हती. पहिली हाक पाडव्यानंतरची. अजून घडलंच नव्हतं ते तुम्हाला उदाहरण म्हणून कसं सुचलं? कारण माझ्या फळ्यावर वाचून तुम्हाला उपाय सापडला होता. आबा पोलिसांना मोराचं सांगणार होते. आधी त्यांना खोटं पाडायचं, मग ते काहीही सांगोत, गाव हसेल. आणि हसून भागलं नाही तर चौथी हाक होतीच."

फौजदार पिकअपच्या मागे गेले. खिशातली किल्ली काढून त्यांनी फाळक्यावरचा निळा रंग खरवडला.  खालून हिरवं निघालं, मग त्या हिरव्यात एक सोनेरी डोळा, पिसाऱ्यातला. आबांनी तो पाहिला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"मी मुद्दाम नव्हतं हो केलं," योगेंद्र म्हणाला. तो कोणाकडे बघत नव्हता. "दिवाळीत... ही गाडी नुकतीच जुनी म्हणून घेतली होती, गावात कोणी पाहिलीही नव्हती. तो एकदम आडवा आला. घाबरून पळालो. नंतर सांगायचं धाडसच झालं नाही."

"पोराचं मुद्दाम नसेल," अक्का म्हणाल्या. "बापाचं?"

 फौजदारांनी योगेंद्रला गाडीत बसवलं तेव्हा मी तिथेच फरशीवर बसले. रखवालदार अजून चाकाखाली काठी घालून विचारत होता, बाई, साप नक्की कोणत्या बाजूला गेला?

६

लोटन साक्रीहून स्वतःच परत आला आणि पुन्हा सालाला राहिला. आबांनी पोराची घागर उशिरा का होईना भरली. पण ते पुन्हा मळ्यावर राहायला गेले तरी रात्रीचा घास त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता. माणूस पकडला म्हणून भीती जाते असं थोडंच आहे? मला विचारा.

अक्का आणि मी त्यांना भेटायला गेलो त्या दिवशी सारिकाने जेवायला थांबवून घेतलं. दिवेलागण झाली. आबा ओट्यावर बसले होते. बागेत काहीतरी खसखसलं, वाळलेली पानं मोडली, आणि आबा उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी खिशातला फोन काढला, आणि परत ठेवला. परत काढला. मला दिसत होतं त्यांच्या मनात काय चाललंय. हाक मारावी की न मारावी, आणि मारली तर कोण येईल?

"आबा, लावा फोन," अक्का म्हणाल्या.

आबांनी लावला. "कुंदन, बागमा काहीतरी शे रे," एवढंच म्हणाले, आणि ओशाळून खाली बसले.

पाच मिनिटंही झाली नसतील. आधी मोटारसायकलींचे दिवे दिसले, मग बॅटऱ्या, मग माणसंच माणसं. कुंदन अनवाणी आला होता, पानावरून उठलेला, हाताला भात तसाच. पोरं होती, तीच पारावरची. भागाबाई विळा घेऊन आल्या होत्या. सगळे बागेत शिरले, आरडाओरडा झाला, आणि आतून एक मांजर निघालं. पिवळं, पोट लोंबणारं.

आबा हात जोडून उभे राहिले.  "चुकनं रे बाबासहो. उगाच धावाडं तुमले."

कोणी हसलं नाही. भागाबाईंनी विळा कमरेला खोचला, आबांचे जोडलेले हात धरून खाली केले आणि म्हणाल्या, "आबा, तुम्ही हाक मारा. मांजर ऱ्हावो नही तं वाघ, आम्ही दर डाव येसूत."